फ्रॅट, सोरोरिटी आणि पडद्यावरची अमेरिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी ऑगस्ट संपत आला की मला हे प्रश्न सुरू होतात. गणपतीची आरती होते, आम्ही जेवणाच्या रांगेत उभे असतो आणि कुणीतरी हळूच बाजूला घेतं: "मुलगा फ्रॅटमध्ये जायचं म्हणतोय. सिनेमात दाखवतात तसंच असतं का गं?" मी मूळची ठाण्याची, बावीस वर्षं न्यू जर्सीत आहे. मुलगी मिडवेस्टातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात सोरोरिटीत आहे. भाचा दुसरीकडे एका फ्रॅटमध्ये होता. मी काही या विषयातली तज्ज्ञ नाही. पण मुलीने 'रश करणार' असं सांगितलं त्या रात्रीपासून यावरचं जे दिसेल ते वाचत आणि बघत गेले. आधी घाबरून, मग चिडून, मग सवयीने. तेच तेच उत्तर रांगेत ताट सांभाळत देण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं म्हटलं.

पहिल्यापासून सांग. ही भानगड नेमकी काय आहे?

अमेरिकन कॉलेजांमधली निवडक सदस्यांची मंडळं. मुलांची ती फ्रॅटर्निटी, बोलताना फ्रॅट. मुलींची सोरोरिटी. नावं ग्रीक अक्षरांची, म्हणून या सगळ्याला 'ग्रीक लाइफ' म्हणतात. ग्रीस देशाशी काही संबंध नाही. १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात 'फाय बीटा कॅपा' सुरू झालं, तिथून ग्रीक अक्षरांची प्रथा पडली. आज ते हुशार विद्यार्थ्यांचं मानाचं मंडळ आहे, तिथे पार्ट्या वगैरे काही नाही. आपण ज्यांना फ्रॅट म्हणतो त्यांची सुरुवात १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजातून झाली.

प्रत्येक कॉलेजातली शाखा म्हणजे चॅप्टर, आणि त्याचे सदस्य बहुधा एकत्र राहतात ते त्याचं 'घर'. वर राष्ट्रीय कार्यालय. बाजूला माजी सदस्य, आणि पुष्कळदा घराची मालकी त्यांच्याच एखाद्या मंडळाकडे. सत्राच्या सुरुवातीला 'रश' असतो, म्हणजे नव्या मुलांनी घरोघर जाऊन गप्पा मारायच्या आणि घरांनी त्यांना पारखायचं. पसंत पडलात की 'बिड' मिळते, म्हणजे आत येण्याचं आमंत्रण. बिड घेतली की काही आठवडे तुम्ही 'प्लेज', मग पक्के ब्रदर किंवा सिस्टर. मुलीकडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कांदेपोह्यांचा कार्यक्रम आठवला होता. फक्त एका आठवड्यात दहा-पंधरा घरचे पोहे.

सिनेमात दाखवतात ते खरं असतं का?

थोडं खरं, आणि जे खरं आहे त्यातलं बरंचसं सिनेमामुळेच खरं झालं.

१९७८ चा 'अ‍ॅनिमल हाऊस' हा या सगळ्याचा मूळपुरुष. फेबर नावाचं काल्पनिक कॉलेज, साल १९६२, आणि डेल्टा नावाचं सगळ्यात गबाळं घर. जॉन बेलुशी, अंगात 'कॉलेज' एवढंच लिहिलेला स्वेटशर्ट. डीन त्यांना हाकलायला टपलेला, आणि शेजारी गोऱ्यागोमट्या श्रीमंत पोरांचं शिस्तीचं घर. चित्रीकरण झालं ओरेगन विद्यापीठात. साधारण तीस लाख डॉलर्समध्ये बनलेल्या या सिनेमाने चौदा कोटींच्या वर धंदा केला, आणि २००१ साली राष्ट्रीय चित्रपट जतन यादीतही त्याचं नाव गेलं.

पटकथा लिहिणाऱ्या तिघांपैकी ख्रिस मिलर डार्टमथ कॉलेजच्या 'अल्फा डेल्टा' या घरातला. स्वतःच्या आठवणींवर त्याने आधी गोष्टी लिहिल्या होत्या, त्यांतून सिनेमा उभा राहिला. म्हणजे मुळात माल खराच होता, तो चढवून मांडला. पण सिनेमा आला आणि देशभर अंगाला चादर गुंडाळून टोगा पार्ट्यांचं पीक आलं. साठीच्या दशकातल्या एका घराची अतिशयोक्ती ऐंशीच्या दशकातल्या पोरांसाठी नियमावली झाली. भाच्याच्या घरात तळघरातल्या बारच्या मागे बेलुशीचं तेच पोस्टर होतं. सिनेमा आला तेव्हा त्या घरातल्या एकाही मुलाचा जन्म झालेला नव्हता.

आणि ज्या अल्फा डेल्टावरून हे सगळं सुरू झालं, त्या घराची मान्यता डार्टमथने २०१५ मध्ये काढून घेतली. नव्या सदस्यांच्या अंगावर डाग दिल्याचं प्रकरण होतं. डाग म्हणजे गुरांना देतात तसे, तापलेल्या लोखंडाने.

सिनेमात इतकी दारू का असते? अमेरिकेत तर एकविसाव्या वर्षापर्यंत बंदी आहे.

बंदी आहे म्हणूनच. 'अ‍ॅनिमल हाऊस' आला तेव्हा पुष्कळ राज्यांत अठराव्या वर्षी बिअर मिळायची. १९८४ मध्ये केंद्राने कायदा केला: एकवीस वय ठेवा, नाहीतर महामार्गाच्या निधीत कपात. हळूहळू सगळी राज्यं वळली. अठरा-एकोणीसच्या पोरांना बारमध्ये प्रवेश बंद झाला, होस्टेलमध्ये तपासणी. मग उरलं काय? खासगी घर, ज्याला तळघर आहे आणि ज्याच्या दारावर त्यांचाच मित्र उभा आहे. सिनेमात ही पार्टी फुकटची मजा म्हणून दिसते. प्रत्यक्षात त्या घराच्या दारावर उभा असलेला पोरगा कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवत असतो, आणि कॉलेजातला त्याचा सगळा रुबाब तिथूनच येतो. हे दाखवणारा सिनेमा मला अजून भेटायचा आहे.

मुलींचं चित्रण वेगळं असतं का?

मुलांचं विनोदी, मुलींचं एक तर बावळट, नाहीतर मेलेलं. चेष्टा करत नाही. १९७४ च्या 'ब्लॅक ख्रिसमस' या कॅनडाच्या सिनेमात नाताळात सोरोरिटीच्या घरातल्या मुलींना घाणेरडे फोन येतात आणि एकेक मुलगी मारली जाते. फोन करणारा घरातच लपलेला असतो. तिथून 'सोरोरिटीचं घर आणि खुनी' हा अख्खा प्रकारच सुरू झाला. २०१५ मध्ये 'स्क्रीम क्वीन्स' या मालिकेने त्याची टर उडवली, तोपर्यंत तो इतका ओळखीचा झाला होता.

२००१ च्या 'लीगली ब्लॉन्ड'ने थोडी दिशा फिरवली. गुलाबी कपड्यांतली सोरोरिटीची अध्यक्ष हार्वर्डच्या लॉ स्कूलला जाते आणि केस जिंकते ती केसांच्या पर्मबद्दलच्या ज्ञानावर. माझ्या मुलीच्या मैत्रिणींना तो पाठ आहे. मला त्यातली एक गोष्ट आवडते: तिच्या सोरोरिटीतल्या मुली तिचा हेवा करत नाहीत, तिला प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला मदत करतात. बाकी सिनेमांत पन्नास मुली एका घरात राहतात आणि एकही दुसरीचा गृहपाठ बघत नाही.

पण सिनेमांनी सगळ्यात मोठी गोष्ट सोडली ती घराच्या नियमांची. बहुतेक राष्ट्रीय सोरोरिटींच्या घरांत दारू चालत नाही. त्यामुळे पार्टी होते ती मुलांच्या घरी. जागा त्यांची, दार त्यांचं, पेल्यात काय घातलं ते त्यांना ठाऊक. मुलींनी नटूनथटून तिकडे जायचं. २०१६ मध्ये आलेल्या 'नेबर्स'च्या दुसऱ्या भागाची गोष्टच ही होती: मुली म्हणतात, आम्हाला आमच्या घरी पार्टी करायची आहे, मग स्वतःचीच सोरोरिटी काढतात. विनोदी सिनेमा, पांचट विनोदांनी भरलेला, पण नेमकं बोट त्याने ठेवलं.

अमुक इतक्या मुली एका घरात राहिल्या की कायद्याने ते कुंटणखाना ठरतं, म्हणून काही कॉलेजांत सोरोरिटींना घरं नाहीत. हे खरं का?

नाही. ही दंतकथा आहे. देशातल्या कुठल्याही कॉलेजात जा, तिथे ही आमच्याच गावाची गोष्ट म्हणून सांगतात, आणि मुलींची संख्या दर वेळी वेगळी असते.

बातम्यांत मात्र मृत्यू, बलात्कार आणि वंशद्वेष एवढंच दिसतं. इतकं वाईट असतं?

रक्तदान शिबिराची बातमी होत नाही, हे आपल्याकडेही तसंच आहे. पण त्यावरून बातम्या खोट्या समजू नका. हँक न्युवर नावाचे पत्रकार गेली कित्येक वर्षं हेझिंगमधल्या, म्हणजे नव्या सदस्यांना दीक्षेच्या नावाखाली छळण्यातून झालेल्या, मृत्यूंची नोंद ठेवत आले आहेत. त्यांच्या नोंदीत १९५९ ते २०२१ या काळात एकही वर्ष कोरं नाही. पहिलं गाजलेलं प्रकरण तर १८७३ चं आहे: कॉर्नेल विद्यापीठातला एक मुलगा दीक्षेच्या रात्री दरीत पडून गेला.

२०१७ चं पेन स्टेट विद्यापीठाचं प्रकरण मी पूर्ण वाचलं आणि दोन दिवस मुलीला फोन करत होते. एकोणीस वर्षांचा मुलगा, बिड स्वीकारण्याची रात्र. दीड तासाच्या आत अठरा पेग त्याच्या पोटात गेले असं सरकारी वकिलांनी मांडलं. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. त्यानंतर जवळजवळ बारा तास कुणी मदतीला फोन केला नाही. आणि हे सगळं कळलं कशावरून? घरातल्या कॅमेऱ्यांवरून. ते घर कागदोपत्री दारूमुक्त होतं. सुव्यवस्थित, आदर्श घर म्हणून त्याचा लौकिक होता.

म्हणून ते प्रकरण माध्यमांनी वेगळं मांडलं. याआधीच्या मृत्यूंत 'अपघात', 'पोरं जरा जास्त प्यायली' अशी भाषा असायची, कारण बंद दाराआडचं सांगणारे सगळे ब्रदरच. इथे मिनिटामिनिटाची नोंद होती. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने त्या मुलाच्या नावाने कडक कायदा केला. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राचाही कायदा आला. त्यानुसार विद्यापीठांना हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल जाहीर करावा लागतो. बिड घ्यायच्या आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधा. दहा मिनिटांचं काम आहे.

हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच ना?

मराठी वर्तमानपत्रं तसंच छापतात, आणि त्यात अर्ध निसटतं. रॅगिंग तुमच्या गळ्यात पडतं. तुम्ही होस्टेलला आलात, सीनियर खोलीत घुसले, तुम्ही काही मागितलं नव्हतं. महाराष्ट्राने १९९९ मध्ये त्यावर कायदा केला तो याच समजुतीवर. हेझिंगमध्ये मुलगा स्वतः दार वाजवून आत गेलेला असतो. त्याला ते घर हवं असतं. आठ आठवडे सोसले, आता शेवटची रात्र, आता कशाला सोडू? त्यामुळे तो तक्रार करत नाही, उलट आईलाच खोटं सांगतो. बऱ्याच राज्यांच्या कायद्यात 'त्याची संमती होती' हा बचाव चालत नाही, तो याचमुळे.

बातमीत 'रॅगिंग' वाचलं की आपल्याला गुंड दिसतात. ज्याच्यामुळे दुर्घटना झाली तो पोरगा मागच्याच वर्षी तिथेच डोळ्याला पट्टी बांधून उभा होता, हे त्या शब्दात येत नाही.

'ती बलात्काराची बातमी खोटी निघाली' असं कायम ऐकते. कुठली ती?

'रोलिंग स्टोन' मासिकाची, नोव्हेंबर २०१४. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या 'फाय कॅपा साय' या घरात २०१२ मध्ये एका मुलीवर सात जणांनी बलात्कार केला, असा सविस्तर लेख होता. लिहिणाऱ्या होत्या सॅब्रिना रुबिन अर्डली. लेख आला त्या आठवड्यात त्या घराच्या काचा फुटल्या, विद्यापीठाने सगळ्याच ग्रीक संघटनांचे कार्यक्रम थांबवले. मग 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या बातमीदाराने साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्या रात्री पार्टी होती का? ज्याच्याबरोबर ती गेली असं सांगितलं तो मुलगा कोण? त्या रात्री तिला भेटलेले मित्र काय सांगतात? धागे एकेक करून सुटत गेले.

मासिकाने शेवटी कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागालाच तपासणी करायला सांगितलं. एप्रिल २०१५ मध्ये त्यांचा अहवाल आला तो मी मुद्दाम वाचला. पत्रकारितेच्या वर्गात लावावा असा आहे. लेखिकेने आरोप असलेल्या मुलांना गाठलं नव्हतं. मुलीच्या मित्रांना स्वतः फोन केला नव्हता. घरातल्या लोकांना नेमकं काय झालं म्हणतात ते न सांगता मोघम प्रतिक्रिया मागितली होती. आणि संपादकांनी हे चालवून घेतलं. लेख मागे घेतला गेला. पुढे विद्यापीठातल्या एका अधिकारी बाईंच्या बदनामीच्या दाव्यात ज्यूरीने तीस लाख डॉलर्स भरपाई लावली, आणि त्या फ्रॅटच्या चॅप्टरला साडेसोळा लाखांवर तडजोड मिळाली.

माझं मत विचाराल तर 'अ‍ॅनिमल हाऊस' नसता तर हा लेख असा छापून आला नसता. अंधारी खोली, फुटलेलं काचेचं टेबल, दीक्षेचा विधी म्हणून केलेला अत्याचार. वाचणाऱ्याच्या आणि संपादकाच्या डोक्यात ते घर आधीच बांधलेलं होतं, त्यामुळे कुणी दार वाजवून बघितलं नाही. आणि नुकसान सगळ्यात जास्त कुणाचं झालं? ज्यांच्यावर खरोखर अत्याचार झाला त्या मुलींचं. पुढे किती तरी वर्षं प्रत्येकीला 'रोलिंग स्टोनसारखं तर नाही ना?' हे ऐकावं लागलं.

मग माध्यमांनी चांगलं काम कधी केलंच नाही?

केलं, आणि बऱ्याचदा विद्यार्थ्यांनी. सप्टेंबर २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या 'द क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्या दैनिकाने छापलं की उत्तम गुण, नामांकित घराणं, सगळं असलेल्या एका काळ्या मुलीला पारंपरिक गोऱ्या सोरोरिटींनी घेतलं नाही. आणि आतल्या मुली तयार असताना माजी सदस्य बायकांनी ते अडवलं. आतल्याच मुली नाव देऊन बोलल्या. याच विद्यापीठाच्या दारात १९६३ मध्ये गव्हर्नर जॉर्ज वॉलेस काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला उभे होते. पन्नास वर्षांनी तेच दार, फक्त आता त्याच्यावर ग्रीक अक्षरं. बातमी आल्यावर मोर्चा निघाला आणि विद्यापीठाला निवड पुन्हा उघडावी लागली.

याच्या उलट २०१५ चा ओक्लाहोमाचा व्हिडिओ. 'सिग्मा अल्फा एप्सिलॉन'ची मुलं बसमध्ये वंशद्वेषी गाणं म्हणत होती. काही सेकंदांची क्लिप, पण आठवडाभर सगळ्या वाहिन्यांवर तीच. चॅप्टर बंद, दोन मुलं विद्यापीठातून बाहेर. नंतर विद्यापीठाच्या चौकशीत निघालं की हे गाणं काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय संघटनेच्या नेतृत्व शिबिराच्या क्रूझवर शिकलं गेलं होतं. खरी बातमी ती होती! पण तोपर्यंत कॅमेरे पुढच्या गावी पोहोचले होते.

पालकांसाठी सगळ्यात उपयोगाचं लेखन मात्र विम्याबद्दलचं आहे. मार्च २०१४ च्या 'अटलांटिक' मासिकात कॅटलिन फ्लॅनगन यांचा मोठा लेख आला. सुरुवात एका पोराच्या फटाक्याच्या चाळ्याने होते (फटाका कुठे ठेवून उडवला ते इथे लिहीत नाही), त्याने दचकून दुसरा गच्चीवरून पडतो, आणि वाचक हसत हसत थेट कोर्टात जाऊन पोहोचतो. ऐंशीच्या दशकात विमा कंपन्या फ्रॅटना विषारी कचरा हटवणाऱ्यांच्या पंगतीत बसवू लागल्या. मग राष्ट्रीय संघटनांनी जोखमीचे नियम केले: अल्पवयीनांना दारू नाही, हेझिंग नाही, बिअरचं पिंप आणायचं नाही. नियम चांगलेच. मेख अशी की काही झालं आणि तुमच्या मुलाने नियम मोडला होता असं ठरलं, की संघटनेचा विमा त्याच्या मागे उभा राहीलच असं नाही. मग त्याच्या वकिलाचा खर्च आई-वडिलांच्या घराच्या विम्यावर येऊ शकतो. तुमच्या आणि माझ्या. हे वाचलं त्या रात्री यांनी आमच्या घराच्या पॉलिसीची फाइल काढली, लग्नानंतर पहिल्यांदाच.

टिकटॉकवर त्या गुलाबी मुली नाचताना दिसतात, ते काय?

'बामा रश'. ऑगस्ट २०२१, पुन्हा अलाबामा विद्यापीठ. रशला निघालेल्या मुली रोज आरशासमोर उभं राहून सांगायच्या: ड्रेस इथला, कानातले तिथले, बूट अमक्याचे. दोन-अडीच हजार मुली रशमध्ये, पण बघणारे लाखो. ज्यांना सोरोरिटी म्हणजे काय माहीत नव्हतं ते 'आज हिला कुठलं घर मिळणार' यावर पैजा लावत बसले. मी पण बसले, लपवत नाही.

पहिल्यांदाच असं झालं की चित्रण बाहेरचा लेखक करत नव्हता, मुली स्वतः करत होत्या. म्हणून ते जास्त खरं होतं का? कपड्यांची किंमत कळली, सगळ्यांचे केस एकसारखे सोनेरी आहेत हे कळलं. निवड कशी होते, कुणाचं नाव पहिल्याच रात्री खोडलं जातं, ते बंद खोलीतच राहिलं. २०२३ मध्ये यावर माहितीपट आला, तेव्हा तो यायच्या आधीच मुली छुपे मायक्रोफोन लावून फिरताहेत अशा अफवांनी विद्यापीठ ढवळून निघालं होतं. आता बऱ्याच ठिकाणी रशच्या काळात मुलींना पत्रकारांशी बोलू नका, काही टाकू नका असं बजावतात.

कमला हॅरिस सोरोरिटीत होत्या म्हणे. त्या पण अशाच?

तो वेगळा इतिहास आहे. गोऱ्यांच्या घरांत जागा नव्हती तेव्हा काळ्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या संघटना काढल्या. 'अल्फा फाय अल्फा' १९०६ मध्ये कॉर्नेलला, 'अल्फा कॅपा अल्फा' १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात. हॅरिस या दुसरीच्या. अशा नऊ संघटना, 'डिव्हाइन नाइन'. मार्टिन ल्यूथर किंग अल्फा फाय अल्फाचे. इथे सदस्यत्व कॉलेजपुरतं नसतं. पन्नाशीच्या बायका दर महिन्याला बैठकीला जातात, मतदार नोंदणी करतात, शिष्यवृत्त्या देतात. आपल्याकडच्या जुन्या शिक्षण मंडळांसारखं काहीतरी.

हॅरिस यांचं नाव राष्ट्रीय पातळीवर आलं तेव्हा बातमीदारांना त्यांच्या सोरोरिटीची खूण असलेला गुलाबी-हिरवा रंग आणि मोत्यांची माळ वाचकांना समजावून सांगावी लागली. जुलै २०२४ मध्ये बायडन यांनी माघार घेतल्यावर तीनच दिवसांनी त्या इंडियानापोलिसला 'झीटा फाय बीटा' या दुसऱ्या सोरोरिटीच्या अधिवेशनात बोलायला उभ्या राहिल्या. हा सगळा पसारा शंभर वर्षांहून जुना, पण पडद्यावर तो आला की 'स्टेप' या पाय आपटत, टाळ्या वाजवत करायच्या नाचापुरता येतो. अपवाद स्पाइक ली यांचा १९८८ चा 'स्कूल डेझ', तो जरूर बघा. आणि हेझिंग तिथेही आहे, ते सोवळं नाही.

आपल्या देशी मुलांच्या फ्रॅट असतात का?

असतात. नव्वदच्या दशकात निघाल्या, आपली इथे जन्मलेली पहिली मोठी पिढी कॉलेजला गेली तेव्हा. 'आयोटा नू डेल्टा' १९९४ मध्ये बिंगहॅम्टनला, 'सिग्मा बीटा रो' १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. दिवाळी, भांगडा, फ्यूजन नाच, आणि सोबत तेच ग्रीक प्रकार. सिनेमाला हे अजून सापडलेलं नाही.

बातमीत आशियाई फ्रॅट आली ती २०१३ मधल्या एका नव्या सदस्याच्या मृत्यूमुळे. बरूक कॉलेजची मुलं नव्या सदस्यांना पोकोनो डोंगरात घेऊन गेली. डोळ्याला पट्टी, पाठीवर वाळूची पिशवी, आणि ढकलणाऱ्या ब्रदर्सच्या रांगेतून चालत जायचं. या विधीचं नाव 'ग्लास सीलिंग'. अमेरिकेत आशियाई माणसाला वर जाऊ देत नाहीत, ते सोसायला शिक, असा त्यामागचा अर्थ. जे कॅस्पियन कँग यांनी २०१७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मासिकात यावर लिहिलं. राक्षस आणि बळी अशी मांडणी न करता, ही पोरं एकमेकांत काय शोधत होती ते लिहिलं. एकच लेख वाचायचा असेल तर तो वाचा. आपल्या पोरांना घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि कुठेच 'आपले' नाहीत, याचा मी तोपर्यंत असा विचार केला नव्हता.

माझा मुलगा पुण्याहून एमएससाठी येतोय. त्याला यात ओढतील का?

नाही. हा पदवीपूर्व मुलांचा खेळ आहे. तुमच्या मुलाची काळजी भाडं आणि स्वयंपाक एवढीच. फार तर शुक्रवारी रात्री शेजारच्या गल्लीतून गोंगाट ऐकू येईल.

तू स्वतः आत जाऊन पाहिलंस?

पाहिलं. पालकांच्या वीकेंडला भाच्याच्या घरी गेलो होतो. पायाखालची फरशी चपलेला चिकटत होती, आदल्या रात्री पुसून घेतली होती तरी. बिअर आणि फिनेल यांचा मिळून एक वास. जिन्यातल्या भिंतीवर मात्र काचेच्या चौकटी ओळीने लावलेल्या: दर वर्षाचा एक 'कॉम्पोझिट', सूट घातलेल्या सगळ्या सदस्यांचे लंबगोल फोटो, खाली नावं. वर चढत गेलं की वर्षं मागे जातात. भाच्याच्या वर्षात आपल्यासारखे सहा-सात चेहरे होते. एक जिना चढले, दोनच. आणखी वर १९९१ मध्ये एक, दाट केसांचा, टाय वाकडा. त्याच्यावर मजल्यापर्यंत एकही नाही. सिनेमात हा जिना नेहमी असतो, आणि त्यावरून कुणीतरी मोटरसायकल चालवत येतं. फोटो कुणी थांबून बघत नाही.

मुलगी अजून आहे का सोरोरिटीत?

आहे. यंदा चॅप्टरची खजिनदार झाली. रविवारी फोन येतो तेव्हा ड्यूज, म्हणजे वर्गणी, थकवलेल्या मुलींची यादी आणि घराच्या छपराच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक मला वाचून दाखवते. मागच्या आठवड्यात दोन तास बैठक चालली. विषय होता, डिशवॉशर कुणी रिकामा करायचा.